घरातली वीज येते कुठून आणि कोणती वीज बरी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीजबिल, छतावरचं सोलर, कोयनेचं पाणी आणि चंद्रपूरची राख यांबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या घरगुती ग्राहकासाठी आहेत, गोव्यासाठी शेवटाकडे एक वेगळा प्रश्न आहे. दर आणि अनुदानं बदलत असतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी चालू आकडे तपासून घ्या.

"कोणती वीज चांगली?" असं विचारणाऱ्यांनी सोबत आणखी दोन प्रश्न धरावेत: किती वाजताची वीज, आणि ती कुणाच्या गावात तयार होते? ते सोडून दिलेलं कुठलंही उत्तर अर्धवट राहतं.

१. आमच्या घरात येणारी वीज नक्की कुठली? कोयनेची की चंद्रपूरची?

दोन्हीकडची, शिवाय आणखी कितीतरी ठिकाणची. राज्यातली आणि देशातली वीजकेंद्रं एकाच जाळ्याला जोडलेली आहेत. एका मोठ्या तळ्यात अनेक ओढे येऊन मिळावेत आणि आपण काठावरून घागर भरावी, तसं हे आहे. घागरीतलं पाणी कुठल्या ओढ्याचं, हे सांगता येत नाही. कुठल्या वेळी कुठल्या ओढ्यातून किती पाणी आलं, एवढंच सांगता येतं.

वाट मात्र ठरलेली असते. वीजकेंद्राबाहेर पडताना विजेचा दाब २२०, ४०० किंवा ७६५ किलोव्होल्टपर्यंत चढवतात, कारण दाब जास्त असला की तेवढीच वीज कमी प्रवाहात जाते आणि तारांमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी वीज कमी होते. मग शहराजवळच्या सबस्टेशनांत तो टप्प्याटप्प्याने उतरवत ३३ आणि ११ किलोव्होल्टवर आणतात. शेवटी तुमच्या गल्लीतलं रोहित्र, म्हणजे आपण ज्याला सरसकट "डीपी" म्हणतो ते, घरासाठी २३० व्होल्ट देतं.

राज्यात ही कामं तीन सरकारी कंपन्यांत वाटलेली आहेत: महानिर्मिती वीज तयार करते, महापारेषण ती वाहून आणते आणि महावितरण ती घरोघरी देऊन बिल पाठवते. जून २००५ मध्ये जुन्या वीज मंडळाचं विभाजन होऊन त्या झाल्या. म्हणून बिलाची तक्रार घेऊन महानिर्मितीकडे जाण्यात अर्थ नसतो.

२. मेगावॉट आणि युनिट यांत फरक काय? बातम्यांत नेहमी गोंधळ होतो.

मेगावॉट ही ताकद आहे, युनिट हा हिशेब आहे. एक हजार वॉटचा गीझर तासभर चालला की एक युनिट होतं. एक मेगावॉटचं यंत्र तासभर पूर्ण क्षमतेने चाललं की हजार युनिटं होतात.

हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण मोठमोठे दावे इथेच घसरतात. २०२५ च्या मध्यावर भारतातल्या एकूण वीजक्षमतेत कोळसा, गॅस आणि तेल सोडून इतर स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला. बातमी खरी होती, पण ती मेगावॉटची होती. प्रत्यक्षात तयार होणाऱ्या युनिटांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास युनिटं अजूनही कोळशाचीच आहेत. सौर प्रकल्प रात्री बंद असतो. वर्षभराची सरासरी काढली तर तो क्षमतेच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढीच वीज देतो. अणुकेंद्र नीट चालू असेल तर ऐंशी टक्क्यांच्या पुढे जातं. त्यामुळे शंभर मेगावॉट सौर आणि शंभर मेगावॉट अणू यांची थेट तुलना करू नका.

३. दुपारी वीज उरते म्हणतात आणि संध्याकाळी कमी पडते. मग साठवून का ठेवत नाहीत?

तारांमध्ये वीज साठत नाही. ज्या क्षणी तुम्ही मिक्सर लावता, त्याच क्षणी कुठल्यातरी जनित्रावर तेवढा भार वाढतो. कळव्याचं राज्य भार प्रेषण केंद्र चोवीस तास हाच मेळ घालत असतं. जाळ्याची वारंवारता ५० हर्ट्झच्या अगदी जवळ ठेवावी लागते. मागणी वाढली की ती घसरते, मागणी कमी झाली की चढते. ती फार घसरली तर यंत्रं स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक बाहेर पडतात. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारत अंधारात गेला तो असाच, वाहिन्यांवर झेपणार नाही इतका भार पडला आणि साखळी तुटत गेली. पश्चिमेचं जाळं त्या वेळी वाचलं. दक्षिणेचं जाळं तेव्हा बाकी देशापासून वेगळंच चालत होतं. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी चालू झाली आणि सारा देश एका वारंवारतेवर आला.

साठवण्याचे मार्ग दोन आहेत. एक, मोठ्या बॅटऱ्या. त्या झपाट्याने स्वस्त होत आहेत, पण आज तरी दोन-चार तासांच्या साठ्यासाठीच परवडतात. दुसरा मार्ग सह्याद्रीला जणू ठरवून दिलेला आहे. अकोले तालुक्यात घाटघरला वर एक जलाशय आहे आणि कड्याखाली शहापूर तालुक्यात चोंढ्याजवळ दुसरा. वीज उरते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, टंचाई असते तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज काढायची. हा प्रकल्प २५० मेगावॉटचा आहे. चार युनिटं खर्ची घालून साधारण तीन परत मिळतात. हा तोटा वाटतो, पण दुपारची वाया जाणारी चार युनिटं देऊन संध्याकाळची तीन मिळत असतील तर सौदा फायद्याचा आहे. मला विचाराल तर राज्याच्या वीजप्रश्नात सगळ्यात जास्त लक्ष देण्यासारखी गोष्ट हीच आहे: कड्याच्या वर आणि खाली जवळजवळ जलाशय बांधता येतील अशा जागा इतक्या संख्येने फार थोड्या प्रदेशांना मिळाल्या आहेत.

४. एवढं कडक ऊन आणि एवढी धरणं असताना अजून कोळसाच का जाळतो?

तीन कारणं आहेत. कोळसा जवळ आहे: चंद्रपूर, वणी, उमरेड या भागात खाणी आहेत आणि केंद्रं त्यांच्या आसपासच उभी राहिली. केंद्रं आधीच बांधलेली आहेत: चंद्रपूरची क्षमता २,९२० मेगावॉट आहे, कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच आहेत, शिवाय खापरखेडा, भुसावळ, पारस, परळी, नाशिकजवळचं एकलहरे. तिसरं कारण सर्वांत पक्कं आहे. रात्री दोन वाजताही कोळशाचं केंद्र चालतं, आणि पावसाळ्यात आठवडाभर आभाळ भरलेलं असलं तरीही चालतं.

उन्हाळ्यात राज्याची मागणी ३०,००० मेगावॉटच्या आसपास जाते. हा डोंगर धरणांच्या पाण्यावर पेलणारा नाही. धरणांची मर्यादा प्रश्न ६ मध्ये आहे.

५. कोळशाच्या विजेने नुकसान किती होतं? आम्ही मुंबई-पुण्यात राहतो, इथे तर धूर दिसत नाही.

धूर दिसत नाही, कारण तो दुसऱ्याच्या गावात आहे.

एका युनिटासाठी साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. आपल्या कोळशात राखच तीस ते चाळीस टक्के असते. महिन्याला १०० युनिटं वापरणाऱ्या घराची सगळी वीज कोळशाची धरली, तर त्या घरासाठी दरमहा साठ-सत्तर किलो कोळसा जळतो आणि वीस-पंचवीस किलो राख मागे उरते. ही राख चंद्रपूर, कोराडी, परळीच्या परिसरात साठते. सिमेंट, विटा आणि रस्त्यांच्या भरावासाठी तिचा पुष्कळ उपयोग होतो, पण सगळी उचलली जात नाही. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याचा राखेचा तलाव फुटला आणि राख शेतांत आणि नदीत शिरली. उन्हाळ्यात वारा सुटला की राखतलावाशेजारच्या गावांत वाळत घातलेले कपडे करडे होतात. तिथल्या लोकांच्या खोकल्याची नोंद आपल्या बिलात कुठेच नसते.

पाणी हा दुसरा खर्च. बॉयलर आणि थंडाव्यासाठी या केंद्रांना प्रचंड पाणी लागतं. चंद्रपूरसाठी इरई धरण आहे. परळीचं केंद्र मात्र २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. मराठवाड्यात कोळशाची वीज म्हणजे अप्रत्यक्षपणे पाण्याचीही वीज आहे, हे तेव्हा उघड दिसलं.

हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा हिशेबही सांगतो. कोळशाच्या एका युनिटामागे जवळजवळ एक किलो, आणि देशाच्या एकत्रित विजेमागे सुमारे ७०० ग्रॅम.

कोळशाचे संच उद्या बंद करा, असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी सातला राज्य चालवायला आज दुसरं काही पुरेसं नाही. पण जुने संच वेळेवर निवृत्त करणं, राख शंभर टक्के उचलणं आणि धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवणं, यांत टाळाटाळ करायला कुठलीही सबब पुरेशी नाही.

६. कोयनेत पाणी फुकट आहे. मग तिथून रात्रंदिवस वीज का बनवत नाहीत?

पाणी फुकट असलं तरी मोजून दिलेलं आहे. कोयना मूळची पूर्वेला वाहणारी नदी, कृष्णेला मिळणारी. आपण तिचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला, चिपळूणच्या बाजूला नेतो आणि तिथल्या खोल उताराचा फायदा घेतो. पाणी सुमारे पावणेपाचशे मीटर खाली येतं. एवढ्या उंचीवरून हजार लिटर पाणी आलं की एक युनिटहून थोडी जास्त वीज मिळते. तेच पाणी कोळकेवाडीला अडवून अलोऱ्याच्या वीजगृहात पुन्हा एकदा वापरतात आणि शेवटी ते वाशिष्ठीत जातं.

पण पश्चिमेला गेलेलं पाणी कृष्णेच्या खोऱ्याला परत मिळत नाही. सांगली-कोल्हापूरपासून कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्रपर्यंत सगळ्यांचा त्या पाण्यावर हक्क आहे. म्हणून कृष्णा पाणीतंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (म्हणजे अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. १,९६० मेगावॉटचा हा प्रकल्प वर्षभर पूर्ण जोमाने चालवायचा तर याच्या कितीतरी पट पाणी लागेल.

पण कोयनेचं मोल युनिटांच्या संख्येत नाही, ती कुठल्या घडीला मिळतात त्यात आहे. कोळशाचा थंड पडलेला संच पुन्हा चालू करायला कित्येक तास जातात. कोयनेचं चक्र, म्हणजे टर्बाइन, काही मिनिटांत पूर्ण भार घेतं. संध्याकाळी दिवे लागतात किंवा कोळशाचा एखादा मोठा संच अचानक बंद पडतो, तेव्हा कोयना धावून येते. ते पाणी सकाळच्या सौर तासांत उधळणं म्हणजे शुद्ध नासाडी.

ही वीज स्वच्छ आहे, निर्मळ मात्र म्हणवत नाही. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. ते धरण टाटांच्या भिऱ्याच्या वीजगृहासाठी होतं, म्हणजे मुंबईच्या विजेसाठी. कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांचे प्रकल्पग्रस्त पुनर्वसनासाठी आजही आंदोलनाला बसतात. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयनेच्या परिसरात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, आणि मोठ्या जलाशयाच्या भारामुळे भूकंप होतात का, याचा अभ्यास जगभरचे शास्त्रज्ञ कोयनेवर करू लागले.

७. वीज काढून घेतलेल्या पाण्यात कस राहत नाही, पिकाला ते चालत नाही, हे खरं का?

नाही. वीज पाण्याच्या पडण्यातून मिळते, पाण्यातून नाही. चक्रातून गेलेल्या पाण्यातला एकही क्षार कमी होत नाही. पिण्यासाठी आणि शेतीसाठी ते आधी होतं तसंच असतं.

८. पवनचक्क्या बऱ्याचदा नुसत्या उभ्या दिसतात. पैसे वाया गेले का?

नाही. तुम्ही त्या कुठल्या महिन्यात पाहिल्या, यावर ते अवलंबून आहे. साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार, पाटण तालुक्यातलं वनकुसवडे किंवा धुळे जिल्ह्यातलं ब्राह्मणवेल इथे खरा वारा जून ते सप्टेंबरमध्ये असतो. हिवाळ्यात सहलीला गेलात तर पाती संथ दिसणारच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ऊर्जा आठपट होते, त्यामुळे वर्षभराच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्या चार महिन्यांत गोळा होतो. गंमत म्हणजे सौर वीज नेमकी तेव्हाच मंदावते. आपल्याकडे या दोन स्रोतांची जोडी म्हणूनच चांगली जमते.

"पवनचक्क्यांनी ढग पळवले" हा समज सातारा-सांगली-धुळे भागात अजून भेटतो. दुष्काळी वर्षांत तो फार पसरला होता. पावसाचे ढग त्या पात्यांच्या कितीतरी वर असतात आणि मान्सूनची चाल हजारो किलोमीटरवर ठरते. शेतकऱ्याचा राग मात्र समजून घेण्यासारखा होता. पठारावरची जमीन स्वस्तात गेली, गावातून रस्ते फुटले आणि वीज दुसरीकडे गेली, ही तक्रार खोटी नव्हती.

९. तारापूरची अणुवीज सुरक्षित आहे का? जैतापूरला मग एवढा विरोध का?

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये चालू झाल्या, वीज देणाऱ्या देशातल्या पहिल्याच. नंतर २००५-०६ मध्ये ५४० मेगावॉटच्या दोन भारतीय बनावटीच्या भट्ट्या आल्या. चालू असताना त्या धूर सोडत नाहीत, जागा कमी घेतात आणि रात्रंदिवस वीज देतात. प्रति युनिट किती माणसांचा जीव जातो या निकषावर जगभरचा अनुभव पाहिला, तर अणुवीज कोळशापेक्षा पुष्कळ कमी घातक ठरते.

पण अपघात क्वचित होणार असला, तरी झाला तर तो एका पिढीत आवरणारा नसतो, आणि वापरलेलं इंधन हजारो वर्षं सांभाळायचं असतं. जैतापूरला १,७३० मेगावॉटच्या सहा भट्ट्यांचा प्रस्ताव आहे. साखरी नाटे इथल्या मच्छिमारांचा प्रश्न साधा आहे: थंडाव्यासाठी वापरलेलं कोमट पाणी समुद्रात सोडलं तर मासळीचं काय? कोकणच्या माणसाला विज्ञान कळत नाही, असं म्हणून तो उडवून लावणं चूक आहे.

१०. दाभोळच्या एन्रॉनचं पुढे काय झालं? गॅसची वीज वाईट असते का?

गॅस वाईट नाही, महाग आहे. कोळशाच्या तुलनेत त्याचा कार्बन निम्म्याच्या आसपास आणि राख शून्य. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. त्याची वीज इतकी महाग पडू लागली की २००१ मध्ये केंद्र बंद पडलं. पुढे सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्यांनी रत्नागिरी गॅस आणि वीज कंपनी काढून ते ताब्यात घेतलं. इंधन परदेशातून, डॉलरच्या भावाने येणार असेल तर करार करताना धोका कोण उचलणार, हे आधी वाचावं, एवढा धडा त्या प्रकरणाने राज्याला पुरेपूर दिला.

११. मुंबईत कंपनी बदलली तर वेगळी वीज मिळते का?

तारांमधून येणारी वीज तीच राहते (प्रश्न १), करार आणि दर बदलतो. बेट शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, बेस्ट वीज देते. पश्चिम आणि पूर्व उपनगरांत मुख्यतः अदानी, अनेक ठिकाणी टाटा पॉवर, आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरण.

मुंबईची वीज मुळात घाटातली. गिरण्यांना कोळशाच्या धुरातून सोडवण्यासाठी टाटांनी लोणावळ्याच्या तलावांचं पाणी खोपोलीला उतरवलं, ते १९१५ मध्ये. मग भिवपुरी आणि भिरा. तरीही आजच्या मुंबईला बाहेरून वीज आणावी लागते, आणि आणणाऱ्या वाहिन्या मोजक्या आहेत. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी पडघे-कळवा भागातल्या वाहिन्या बंद पडल्या आणि लोकलसकट शहर थांबलं. तेव्हा वीजनिर्मिती पुरेशी होती. शहरापर्यंत आणायची वाट बंद झाली होती.

१२. छतावर सोलर बसवायचं आहे. किती जागा, किती वीज, किती अनुदान?

एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा धरा. वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिटं, म्हणजे महिन्याला सव्वाशेच्या आत-बाहेर. पीएम सूर्यघर योजनेत, ती २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून, एका किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८,००० रुपये केंद्राचं अनुदान आहे.

माझा आग्रह एवढाच, की आधी मागच्या बारा महिन्यांची बिलं काढून बसा. महिना ९० युनिटं वापरणाऱ्या घराला तीन किलोवॉटची यंत्रणा खपवणारे एजंट फिरतात. तुमचा वापर तीनशे-साडेतीनशे युनिटांचा असेल तर मात्र ती चोख बसते, कारण वरच्या टप्प्याचे महागडे युनिट वाचतात. पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या इमारतीची सावली दुपारी कुठे पडते, ते डिसेंबरात पाहा. तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि सावल्या लांबतात.

१३. सोलर बसवलं तरी लाईट गेली की घरात अंधारच! फसवलं का आम्हाला?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि बसवणाऱ्याने तो आधी सांगायला हवा. नेट मीटरवाली (म्हणजे जाळ्याला दिलेली आणि जाळ्याकडून घेतलेली वीज वजा-जमा करणारं मीटर असलेली) यंत्रणा जाळ्याला जोडलेली असते. बाहेरची वीज गेली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, कारण तुमच्या छताची वीज तारांत शिरली तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. लाईट गेल्यावरही घर चालायला हवं असेल, तर बॅटरीसह हायब्रिड यंत्रणा घ्या. ती महाग पडते. जिथे दिवसातून अर्धा-एक तासच वीज जाते, तिथे घरातला साधा इन्व्हर्टर पुरतो.

१४. पावसाळ्यात सोलर चालतं का?

चालतं, पण मंद. ढगाळ दिवशी उत्पादन निम्म्याखाली जातं, कोकणात जुलैमध्ये त्याहूनही कमी. पण पाऊस पॅनेल धुऊन देतो. खरा त्रास मार्च-एप्रिलमध्ये होतो, जेव्हा ऊन भरपूर असतं आणि धुळीचा थर बसलेला असतो. दोन-तीन आठवड्यांनी सकाळी लवकर साध्या पाण्याने पुसून घ्या. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नका.

१५. शेतीला रात्री वीज का देतात? शहराला दिवसा आणि आम्हाला रात्री, हा अन्याय नाही का?

अन्याय आहेच. रात्री मागणी कमी असते म्हणून शेतीच्या पंपांचा भार तिकडे ढकलला गेला. परिणाम कुणी भोगला? थंडीत मध्यरात्री मोटार चालू करायला बांधावर जाणाऱ्या माणसाने. साप, बिबट्या आणि ओल्या स्टार्टरचा शॉक या भीती जुन्नरपासून जतपर्यंतच्या शेतकऱ्याला चांगल्या ठाऊक आहेत.

सौर वीज आपल्याकडे सगळ्यात जास्त शोभते ती इथे. पंपाला वीज हवी असते दिवसा, ऊनही दिवसाच असतं, म्हणजे साठवणीचा प्रश्नच मिटतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच्या सबस्टेशनलगत काही मेगावॉटचे प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला, म्हणजे सबस्टेशनातून पंपांकडे जाणाऱ्या वाहिनीला, दिवसा वीज द्यायची आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात एकूण लक्ष्य १६,००० मेगावॉटपर्यंत वाढलं. अडचण बहुधा जमिनीची येते. गायरान दिलं की गुरं कुठे चारायची, असं गावकरी विचारतात, आणि हा प्रश्न ग्रामसभेत सुटल्याशिवाय खांब रोवू नयेत.

१६. साखर कारखान्यांची वीज हरित मानायची का?

बऱ्याच अंशी हो. उसाचा रस काढून उरलेलं बगॅस जाळून कारखाना आपली गरज भागवतो आणि उरलेली वीज जाळ्याला देतो. गाळप हंगामात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, जेव्हा पवनचक्क्या थंड असतात, तेव्हा ती येते. पण उसाला लागणारं पाणी हिशेबात धरलं तर दुष्काळी तालुक्यातली ही वीज स्वस्त राहत नाही.

१७. वीज कोळशाची असेल तर इलेक्ट्रिक गाडी घेऊन काय उपयोग?

हिशेब करून पाहा. इलेक्ट्रिक स्कूटर किलोमीटरमागे साधारण ३० वॉट-तास घेते. देशाच्या एकत्रित विजेवर (आकडा प्रश्न ५ मध्ये) ते वीस-बावीस ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतात. लिटरमागे ४५ किलोमीटर जाणारी पेट्रोल स्कूटर पन्नास ग्रॅमच्या आसपास सोडते. म्हणजे आजच्या विजेवरही निम्म्याहून कमी. मोटारीत फरक आहे, पण इतका मोठा नाही, आणि जड, मोठी एसयूव्ही घेतलीत तर आणखी घटतो. शक्य असेल तर गाडी ऑफिसच्या आवारात दुपारी चार्ज करा. घरी परतून संध्याकाळी सातला प्लग लावणं म्हणजे नेमक्या टंचाईच्या वेळी भार टाकणं.

१८. बिलात "इंधन समायोजन आकार" कशाचा?

वीजदर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग आधीच ठरवून देतो. प्रत्यक्षात कोळसा किंवा बाहेरून घेतलेली वीज अंदाजापेक्षा महाग पडली तर तो फरक या नावाने येतो. म्हणून उन्हाळ्यात बाजारातून चढ्या भावाने वीज घेतली की काही काळाने तो वाढलेला दिसतो. बाकीच्या ओळी: स्थिर आकार जोडणीसाठी, वीज आकार युनिटांसाठी, वहन आकार तारांच्या वापरासाठी आणि वीज शुल्क हा सरकारचा कर. सौर आणि पाण्याच्या विजेला इंधनच नसल्याने तिथे हा धक्का बसत नाही, हा त्यांचा एक फायदा फारसा कुणी मोजत नाही.

१९. गोव्यात वीजकेंद्र दिसत नाही. तिथे वीज कुठून येते?

गोव्याची स्वतःची मोठी निर्मिती नाही. तिथे बहुतेक वीज केंद्राच्या वाट्यातून, छत्तीसगडमधल्या कोरबा आणि मध्य प्रदेशातल्या विंध्याचलसारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते. पणजीत धूर नसतो, तो विंध्याचल केंद्र जिथे आहे त्या सिंगरौलीच्या आसपास असतो. ती वीज आणण्यासाठीच्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवरून मोलेंच्या जंगलात आंदोलन उभं राहिलं. म्हणजे निर्मिती परराज्यात असली तरी वाहिनीचं ओझं कुणाच्या तरी रानावर पडतंच.

२०. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, छत आमचं नाही. भाडेकरूही आहोत. आमच्यासाठी काही मार्ग आहे का?

आहे. सोसायटीला लिफ्ट, पंप आणि जिन्याचे दिवे यांच्या सामायिक मीटरसाठी सोलर बसवता येतं. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना या सामायिक वापरासाठी ५०० किलोवॉटपर्यंत, किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव लागतो. सामायिक बिलाचा बारा महिन्यांचा तक्ता घेऊन जा, भाषणापेक्षा तो जास्त पटतो. मेंटेनन्स कमी होण्याचा मुद्दा आधी मांडा.

भाडेकरूला छत नसलं तरी वेळ हातात आहे. वॉशिंग मशीन, इस्त्री, गच्चीतल्या टाकीचा पंप आणि शक्य असेल तर गीझर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या सौर तासांत चालवा. वेळेनुसार मोजणारं टीओडी मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकाला या तासांत दरात सवलतही मिळते. तुमचं मीटर तसलं आहे का, हे बिलावर तपासा किंवा शाखा कार्यालयात विचारा. याशिवाय वितरण कंपनीकडे ग्रीन टॅरिफ मागता येतो. प्रति युनिट थोडा अधिभार देऊन तुमच्या वापराएवढी अपारंपरिक वीज घेणं कंपनीवर बंधनकारक होतं. त्याने घरातली तार बदलत नाही, कंपनीची खरेदी बदलते.